घरांतील हवा आणि नगराचा न्याय

परमेश्वरानें मनुष्यास ज्या देणग्या दिल्या आहेत, त्यांपैकीं हवा ही सर्वांत उदार देणगी होय. अन्न विकत घ्यावें लागतें, वस्त्र विकत घ्यावें लागतें, मोठ्या शहरांत पाण्याचीही पट्टी भरावी लागते. परंतु श्वास घेण्याबद्दल अद्याप कोणी कोणाजवळ दाम मागितलेला नाहीं. असें असतां एकाच शहरांत राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकीं एकाच्या घरांत समुद्राचा वारा खेळतो व दुसऱ्याच्या घरांत भर दुपारीं दिवा लावावा लागतो, हें कां? याचें उत्तर थोडक्यांत असें कीं, हवा फुकट आहे, पण खिडकी फुकट नाहीं. खिडकीसमोर मोकळी जागा लागते, जागेला भाव असतो, आणि तो भाव देण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते. म्हणून घरांतील हवेचा प्रश्न हा केवळ आरोग्यशास्त्राचा नसून नगराच्या कारभाराचा व न्यायाचाही आहे. मुंबई शहरानें या प्रश्नाशीं गेलीं सव्वाशें वर्षें जी झुंज दिली, तिच्या आधारें ही गोष्ट विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हवा खेळते म्हणजे काय होतें, तें पाहूं. शांतपणें बसलेला मनुष्य दर मिनिटास सुमारें सहा ते आठ लिटर हवा आंत घेतो व तितकीच बाहेर टाकतो. बंद खोलींत चार माणसें निजलीं, तर थोड्याच वेळांत प्रत्येकजण दुसऱ्यानें टाकलेल्या हवेचा कांहीं अंश आपल्या फुप्फुसांत घेऊं लागतो. त्या हवेंत चुलीचा किंवा स्टोव्हचा धूर, उदबत्तीचा धूर, डास घालविण्यासाठीं पेटविलेल्या वडीचा धूर आणि ओलसर भिंतीवरील बुरशी यांची भर पडते. अशी हवा बदलण्यास केवळ एक खिडकी असून भागत नाहीं. हवेला आंत येण्यास एक वाट व बाहेर जाण्यास दुसरी वाट लागते. ज्या खोलीच्या एका बाजूस दार व समोरच्या बाजूस खिडकी आहे, तिच्यांतून वारा आरपार जातो. जिला एकाच बाजूस तोंड आहे, तिच्यांतील हवा दारापाशींच घुटमळते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, म्हणून छपराजवळ झरोका ठेवण्याची आपल्या वाडवडिलांची पद्धति शास्त्राला धरूनच होती.

विद्यार्थ्यांना याचा एक सोपा प्रयोग करून पाहतां येईल. पाण्यानें कांठोकांठ भरलेल्या एका भांड्यांत थोडी शाई टाकून ढवळावी. मग स्वच्छ पाण्याची बारीक धार त्यांत सोडावी व सारखें ढवळीत राहावें. जादा होणारें पाणी कांठावरून वाहून जाऊं द्यावें. त्या भांड्यांत मावतें तितकें स्वच्छ पाणी ओतून झालें, म्हणजे सारी शाई निघून गेली असेल असें आपणांस वाटतें. पण तसें होत नाहीं. शंभर भागांपैकीं सुमारें ३७ भाग शाई उरतेच. तितकेंच पाणी तीन वेळां ओतावें, तेव्हां कोठें ती सुमारें ५ भागांवर येते. खोलींतील हवेचीही हीच गत आहे. एकदां दार उघडून मिटल्यानें ती शुद्ध होत नाहीं; ती तासामागून तास बदलत राहिली पाहिजे.

हें बदलणें किती मोलाचें आहे, तें क्षयरोगावरून उत्तम कळतें. क्षयाचा रोगी खोकतो किंवा मोठ्यानें बोलतो, तेव्हां त्याच्या मुखावाटे उडणाऱ्या थेंबांपैकीं अगदीं सूक्ष्म थेंब सुकून त्यांचे कण पुष्कळ वेळ हवेंत तरंगत राहतात, आणि त्यांबरोबर रोगाचे जंतुही तरंगतात. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत डॉ. रिचर्ड रायली व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ नंतरच्या वर्षांत याविषयीं एक प्रसिद्ध प्रयोग केला. क्षयाच्या रुग्णांच्या खोल्यांतील हवा त्यांनीं नळांवाटे दूर ठेवलेल्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. त्या मुक्या प्राण्यांनीं रोग्याला कधीं पाहिलेंही नव्हतें. तरी त्यांपैकीं कित्येकांना क्षय जडला. तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन दुसऱ्या पिंजऱ्यांत सोडली, तेव्हां तेथील प्राणी निरोगी राहिले. अर्थात् हवा हा रोग वाहून नेते, आणि विशिष्ट किरणांत त्याचे जंतु मारण्याची शक्ति असते, या दोन्ही गोष्टी निर्विवाद ठरल्या. उजेड व वारा हे चैनीचे पदार्थ नव्हेत. ते औषधाइतकेच आवश्यक आहेत.

मुंबई शहरास ही गोष्ट त्याच्या फार पूर्वीं, पण अर्धवट रीतीनें उमगली होती. इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत एक विलक्षण ताप सुरू झाला. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनीं त्याची लक्षणें ओळखून तो प्लेग, म्हणजे ज्याला मराठींत ग्रंथिक सन्निपात म्हणत असत तो रोग, असल्याचें निदान केलें. पुढील कांहीं महिन्यांत लाखों माणसें शहर सोडून गांवीं पळालीं. घाणेरडी व कोंडलेली हवा हेंच रोगाचें मूळ, अशी त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांची व अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून म्युनिसिपालिटीचीं माणसें घरोघर जाऊन भिंतींना चुना फासूं लागलीं, जंतुनाशक पाण्यानें जमिनी धुऊं लागलीं, आणि अंधाऱ्या खोल्यांत ऊन शिरावें म्हणून कित्येक घरांचीं कौलेंही उतरवूं लागलीं.

पुढें १८९८ सालीं पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें कराची येथें असें दाखवून दिलें कीं, प्लेग हा उंदरांच्या अंगावरील पिसवांच्या द्वारें पसरतो. म्हणजे त्या रोगाचा हवेवर ठेवलेला दोष चुकीचा होता. परंतु कारण चुकीचें असूनही त्यावरून सुचलेला उपाय सर्वस्वीं निरर्थक नव्हता. त्याच अंधाऱ्या खोल्यांत क्षयरोगाचेंही ठाणें होतें, आणि क्षयाचा हवेशीं संबंध खराखुरा होता. चुकीच्या वाटेनें जाऊनही मनुष्य कधीं कधीं योग्य दारापाशीं येऊन ठेपतो, त्यांतलाच हा प्रकार झाला.

याच प्लेगाच्या धास्तीनें १८९८ सालीं कायदा होऊन मुंबईंत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट नांवाचें एक मंडळ स्थापन झालें. दाट वस्ती फोडून तींत हवा व उजेड येऊं देणें, नवे रुंद रस्ते काढणें आणि गरीब लोकांसाठीं आरोग्यकारक घरें बांधणें, हीं त्याचीं प्रमुख कर्तव्यें होतीं. नागपाडा येथील दाट वस्तीपासून कामास आरंभ झाला. आग्रीपाडा येथें चाळी उठल्या. आणि प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे दोन मोठे रस्ते काढण्यांत आले. समुद्रावरील वारा शहराच्या गाभ्यांत शिरावा, हा त्या रस्त्यांमागील एक उद्देश होता. आज त्यांस अनुक्रमें शामळदास गांधी मार्ग व सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात. त्यांवरून रोज ये-जा करणाऱ्या हजारों लोकांस हे रस्ते केवळ गाड्यांसाठीं नव्हे, तर हवेसाठींही काढले गेले होते, याची कल्पनाही नसेल.

परंतु रस्त्यावरील वारा घरांत कसा शिरावा? जुन्या मुंबईंतील घरें एकमेकांस चिकटून बांधलेलीं असत. दोन घरांच्या मध्यें कांहीं फूट रुंदीची एक बोळ असे. तिला घरगल्ली म्हणतात. घरांतील मोऱ्यांचें व संडासांचें पाणी तींत पडे. आंतील खोल्यांना जी एकुलती एक खिडकी असे, ती याच गल्लीवर उघडे. मग भाडेकरूनें काय करावें? खिडकी उघडावी तर दुर्गंधि येते, मिटावी तर जीव गुदमरतो. बहुतेक लोक ती मिटूनच घेत. कागदावर त्या खोलीला खिडकी होती. प्रत्यक्षांत ती भिंतच होती.

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं या प्रश्नाचा बारकाईनें अभ्यास केला व मुंबईच्या घरांतील उजेड आणि हवा या विषयावर १९१२ सालीं व्याख्यानही दिलें. त्यांनीं पुरस्कारिलेला नियम साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. आपल्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेषा ओढली, तर तिचा जमिनीशीं होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक असूं नये, असा त्याचा अर्थ. भूमिति व त्रिकोणमिति शिकणारे विद्यार्थी कोष्टक पाहतील, तर या कोनाची टॅन्जंट सुमारें २ आहे असें त्यांस आढळेल. म्हणजेच समोरची इमारत जितकी उंच असेल, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्यें असली पाहिजे. इमारत ४० फूट उंच असेल, तर अंतर निदान २० फूट हवें. एवढें अंतर असलें म्हणजे तळमजल्यावरील बिऱ्हाडालाही आकाशाचा एक तुकडा दिसतो, आणि जेथून आकाश दिसतें, तेथें उजेड व वारा पोंचण्याचा संभव असतो.

नियम साधा होता, पण त्याची अंमलबजावणी सोपी नव्हती. मोकळी सोडलेली जागा म्हणजे घरमालकाचें गेलेलें भाडें. अशा नियमानें एखादा मजला कमी करावा लागला, तर तितक्या खोल्यांचें उत्पन्न बुडणार. म्हणून मालकवर्ग त्यास अनुकूल नव्हता. उलट ज्या भाडेकरूंना त्या अंधाऱ्या खोल्यांत दिवस कंठावे लागत, त्यांस नगराच्या कारभारांत आवाजच नव्हता. त्या काळीं म्युनिसिपालिटीच्या निवडणुकींत मत देण्याचा अधिकार कर भरणाऱ्या थोड्या लोकांपुरता होता. प्रौढ मताधिकारानें मुंबईची पहिली निवडणूक १९४८ सालीं झाली. तोंपर्यंत खोलीचा अंधार एकाचा व त्याविषयींचा निर्णय दुसऱ्याचा, अशीच स्थिति होती. हवेच्या प्रश्नांत न्यायाचा प्रश्न कसा शिरतो, याचें हें पहिलें उदाहरण होय.

दुसरें उदाहरण याहून अधिक दुःखदायक आहे. ट्रस्टनें दाट वस्त्या पाडल्या, परंतु पाडलेल्या घरांतून जितकीं माणसें बाहेर पडलीं, तितक्यांना पुरतील इतक्या नव्या चाळी वेळेवर बांधल्या गेल्या नाहींत. आणि ज्या बांधल्या, त्यांचें भाडें सर्वांस परवडण्यासारखें नव्हतें. गिरणींत, गोदींत किंवा बाजारांत काम करणाऱ्या मजुरास कामाच्या जागेजवळच राहावें लागे. घर गेल्यावर तो दूर कोठें जाणार? तो शेजारच्या गल्लींतील नातलगाच्या किंवा गांवकऱ्याच्या खोलींत शिरे. अशा रीतीनें एका गल्लींत वारा आला, पण पलीकडच्या गल्लींत माणसांची दाटी वाढून तेथील हवा पूर्वींपेक्षांही वाईट झाली. रोग नाहींसा झाला नाहीं. त्यानें केवळ बिऱ्हाड बदललें.

हा अनुभव आल्यावर ट्रस्टनें आपलें धोरण कांहींसें पालटलें. जुनीं घरें पाडण्यापेक्षां शहराच्या उत्तरेस मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती वसवावी, म्हणजे जुन्या भागांतील गर्दी आपोआप कमी होईल, असा विचार पुढें आला. दादर, माटुंगा व शीव या भागांतील रुंद रस्ते, बागा व झाडांच्या रांगा हें त्याच धोरणाचें फळ होय. तेथील हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी यांतील घरें आजही हवेशीर म्हणून नांवाजलीं जातात. परंतु तेथें मुख्यतः मध्यम वर्ग राहावयास गेला. गिरणीकामगार परळ, लालबाग, भायखळा येथेंच राहिला. पुढें १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाइल रोड येथें मजुरांसाठीं चाळी बांधल्या. त्यांतील प्रत्येक खोली सुमारें १६० चौरस फुटांची होती. १९३३ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट म्युनिसिपालिटींत विलीन झाला, आणि त्याचें काम नगरसंस्थेच्या अंगावर आलें.

येथें कोणी म्हणेल कीं, ही जुनी हकीकत झाली. आतां तिचें काय? दुर्दैवानें ती जुनी झालेली नाहीं. गेल्या कांहीं दशकांत रेल्वेमार्ग व रस्ते रुंद करण्यासाठीं मुंबईंतील हजारों झोंपड्या हलवाव्या लागल्या. त्यांतील पुष्कळ कुटुंबांस गोवंडी व मानखुर्द या बाजूंस बांधलेल्या उंच इमारतींत घरें देण्यांत आलीं. हा लाभ थोडा नव्हे, हें प्रथमच मान्य केलें पाहिजे. ज्यांच्या डोक्यावर पत्रा होता, त्यांस पक्कें छप्पर मिळालें. घरांत नळ व संडास आला. उद्यां कोणी येऊन घर पाडील ही भीति गेली. परंतु जागेच्या टंचाईमुळें अशा पुनर्वसन-इमारतींना मोकळ्या जागेच्या नेहमींच्या नियमांत सूट देण्यांत आली, आणि कित्येक ठिकाणीं दोन इमारतींमध्यें केवळ ३ मीटरांच्या आसपास अंतर राहिलें.

आतां ऑरसाहेबांचा नियम येथें लावून पाहूं. सात मजल्यांची इमारत सुमारें २१ मीटर उंच धरली, तर नियमाप्रमाणें मध्यें निदान साडेदहा मीटर मोकळी जागा हवी. ती जर ३ मीटरच असेल, तर तळमजल्यावरून समोरच्या माथ्याकडे जाणारी रेषा साडेत्रेसष्ट नव्हे, तर सुमारें ८२ अंशांचा कोन करते. म्हणजे आकाश पाहण्यास मनुष्यानें खिडकीबाहेर मान काढून जवळजवळ सरळ वर पाहिलें पाहिजे. त्यांत त्या अरुंद बोळींत वरच्या मजल्यांवरून कचरा पडूं लागला, कीं खालचीं बिऱ्हाडें खिडक्या मिटून घेतात. शंभर वर्षांपूर्वींची घरगल्ली सिमेंटच्या रूपानें पुन्हां अवतरते ती अशी.

याचा परिणाम काय होतो, याची पाहणीही झाली आहे. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेनें मुंबईच्या आयआयटींतील संशोधकांच्या सहकार्यानें लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड व पीएमजीपी कॉलनी या तीन वसाहतींची तुलना करून २०१८ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या दोन वसाहतींत इमारती अगदीं लगत उभ्या आहेत, तेथें क्षयाचे रुग्ण असलेलीं कुटुंबें तिसऱ्या, अधिक मोकळ्या वसाहतीपेक्षां पुष्कळच जास्त आढळलीं. आणि ज्या खालच्या मजल्यांवर उजेड व वारा कमी पोंचतो, तेथें रोगाचें प्रमाण अधिक दिसलें. क्षयाला अपुरें अन्न, दाटी व उपचारांतील दिरंगाई हींही कारणें आहेत, हें विसरूं नये. तथापि इमारतींच्या मांडणीचा रोगाशीं संबंध आहे, एवढें या पाहणीवरून स्पष्ट झालें. ज्या कुटुंबानें शहराच्या रस्त्यासाठीं आपली झोंपडी सोडली, त्याच्याच मुलास नव्या घरांत खोकला जडावा, हा त्या कुटुंबानें नगराच्या सोयीसाठीं दिलेला दुहेरी कर होय.

मग नगरसंस्थेनें करावें तरी काय? या बाबतींत लंडन शहराचें उदाहरण उद्बोधक आहे. तेथें घरोघर शेगडींत दगडी कोळसा जाळीत असत. १९५२ सालीं ५ ते ९ डिसेंबर या पांच दिवसांत धूर व धुकें यांचा असा कांहीं थर शहरावर बसला कीं, त्या वेळच्या सरकारी अंदाजाप्रमाणें सुमारें ४,००० माणसें दगावलीं. पुढील संशोधकांनीं हा आंकडा १२,००० पर्यंत नेला आहे. त्यानंतर १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्या कायद्यानें स्थानिक कौन्सिलांना आपल्या हद्दींतील भागांत धुराची बंदी करण्याचा अधिकार दिला. परंतु कायदा तेवढ्यावरच थांबला नाहीं. घरांतील जुनी शेगडी बदलून धूर न होणाऱ्या जळणाची शेगडी बसविण्यास जो रास्त खर्च येई, त्याच्या दहा भागांपैकीं सात भाग घरवाल्यास परत मिळत. त्यांतील चार भाग मध्यवर्ती सरकार देई व तीन भाग कौन्सिल देई. उरलेले तीन भागही आपल्या तिजोरींतून देण्याची कौन्सिलास मोकळीक होती.

या व्यवस्थेंतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. शेजाऱ्याच्या हितासाठीं एखाद्या गरिबाची शेगडी बंद करावयाची असेल, तर नव्या शेगडीच्या खर्चांत त्या शेजाऱ्यानेंही, म्हणजे साऱ्या समाजानें, वांटा उचलला पाहिजे, हें तत्त्व तेथें कायद्यांत आलें. तरीही सर्वत्र काम सारख्या वेगानें झालें नाहीं. ज्या प्रदेशांत खाणकामगारांना मजुरीचा भाग म्हणून कोळसा स्वस्त किंवा फुकट मिळे, तेथें ही सुधारणा बरीच मागें पडली. कारण नवी शेगडी अर्ध्या किंमतींत मिळाली, तरी रोजचें जळण विकतच घ्यावें लागणार होतें. म्हणजे एकदांच होणारा खर्च व रोज होणारा खर्च या दोहोंचा विचार करावा लागतो.

आपल्याकडेही हाच अनुभव येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं घरांतील धुरामुळें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं. त्यांत चुलीपाशीं बसणाऱ्या स्त्रिया व त्यांच्या पदराशीं असणारीं मुलें यांवर हें संकट विशेष येतें. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें कोट्यवधि गरीब घरांत गॅसची शेगडी पोंचविली, हें मोठें काम झालें. परंतु सिलिंडर पुन्हां भरून घेण्याचा खर्च न झेपल्यामुळें कित्येक घरांत शेगडीच्या शेजारीं चूलही धुमसत राहिली. शेगडी देणें हें अर्धें काम. ती पेटती ठेवणें हें उरलेलें अर्धें.

मुंबईंतील पावाच्या भट्ट्यांचा प्रश्न असाच आहे. पुष्कळ बेकऱ्यांत लांकडाची भट्टी असते, आणि स्वस्त पडतें म्हणून जुन्या सामानाचें भंगार लांकूडही जाळलें जातें. तो धूर वरच्या व शेजारच्या घरांत शिरतो. २०२५ च्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें अशा भट्ट्यांना सहा महिन्यांच्या आंत गॅस किंवा अन्य स्वच्छ जळणाकडे वळण्यास सांगितलें, आणि महानगरपालिकेनें तशा सूचना दिल्या. शेजारच्या खोलींतील दमेकऱ्याचा विचार केला, तर ही आज्ञा योग्यच म्हटली पाहिजे. पण भट्टी बदलण्याचा खर्च लहान बेकरीवाला कोठून आणणार, आणि तो पावाच्या किंमतींत चढला, तर वडापावावर दिवस काढणारा हमाल तो कसा देणार, हेही प्रश्न त्याच्याच जोडीनें उभे राहतात. लंडनच्या कायद्यांतील दहांपैकीं सात भागांची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

वरील सर्व हकीकतींवरून एक गोष्ट ठळकपणें निदर्शनास येते. घरांतील हवा सुधारण्यासाठीं नगरसंस्थेजवळ तीन साधनें असतात: पाडणें, मनाई करणें व पुरविणें. पहिलीं दोन साधनें स्वस्त व झटपट आहेत. तिसरें महाग व संथ आहे. परंतु तिसऱ्याच्या जोडीवांचून पहिलीं दोन वापरलीं, तर वाईट हवा नाहींशी होत नाहीं. ती केवळ श्रीमंतांच्या दारांतून उठून गरिबांच्या दारांत जाऊन बसते. म्हणून कोणतीही नवी योजना जाहीर झाली, म्हणजे सुज्ञ नागरिकानें तीन प्रश्न विचारावे. या योजनेनें कोणाच्या घरांत हवा येणार? तिचा खर्च कोणाच्या खिशांतून जाणार? आणि जे उठविले जाणार, ते आज रात्रीं कोठें निजणार? या तिहींचीं सरळ उत्तरें मिळालीं, तर ती योजना न्यायाची आहे असें खुशाल समजावें.

नगरसंस्थेचें कर्तव्य सांगतांना आपलेंही सांगितलें पाहिजे. ज्यांच्या घरीं समोरासमोर दार व खिडकी आहे, त्यांनीं ती सामानाच्या फळ्यांनीं किंवा कपाटानें अडवूं नये. स्वयंपाक चालूं असतांना खिडकी उघडी असावी, आणि लहान मुलास धुरांत बसवूं नये. घरगल्लींत वरून कचरा टाकणें म्हणजे खालच्या बिऱ्हाडाची खिडकी आपल्या हातानें बंद करणें होय, हें घरांतील प्रत्येक लहानथोरास सांगून ठेवावें. गल्ली साफ होत नसेल, तर वॉर्डाच्या कचेरींत एकट्यानें नव्हे, तर साऱ्या इमारतीच्या सह्यांनिशीं अर्ज द्यावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ कोणाचा खोकला राहिला, तर लाज न धरतां जवळच्या सरकारी किंवा म्युनिसिपल दवाखान्यांत त्याची थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी व क्षयाचें औषध तेथें विनामूल्य मिळतें, आणि औषध पुरे घेतल्यास बहुतेक रोगी बरे होतात.

विद्यार्थ्यांनीं या सुटींत एक लहानसें काम करावें. आपल्या राहत्या इमारतीसमोरचें अंतर पावलांनीं मोजावें, समोरच्या इमारतीचे मजले मोजून तिची उंची अंदाजावी, आणि अंतर उंचीच्या निम्मे भरतें कीं नाहीं, तें वहींत लिहावें. मग आपल्या वर्गांतील अशा एखाद्या सोबत्याच्या घरीं जावें, ज्याचें घर आपल्याहून लहान आहे, आणि तेथेंही तेंच माप घ्यावें. दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं मांडले, म्हणजे या लेखांत जें सांगण्याचा प्रयत्न केला आहे, तें त्यांस आपोआप समजेल. ज्यांच्या वहींतील दोन आंकड्यांत मोठा फरक पडेल, त्यांनीं तो विसरूं नये. कारण त्यांच्यापैकींच कोणी उद्यां इंजिनियर होईल, कोणी डॉक्टर होईल, कोणी नगरसेवक होईल, आणि त्या दिवशीं नकाशावर दोन इमारतींमधील रेषा ओढण्याचें काम त्याच्या हातीं येईल. ती रेषा ओढतांना तळमजल्यावरील खिडकींत बसून अभ्यास करणारा आपला जुना सोबती त्याच्या डोळ्यांपुढें असावा, एवढीच इच्छा.